अंबाडी परिसरातील वन्यजीव आणि शेतकरी : देशी प्राण्यांच्या संग्रहांपासून घ्यावयाचे धडे

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी हे नाक्याचे गाव आहे. येथूनच वज्रेश्वरी व गणेशपुरीकडे रस्ता फुटतो. खाली तानसा नदीचे खोरे, वर सागाचे व मिश्र झाडांचे जंगल, आणि मधल्या सखल पट्ट्यात भाताची खाचरे अशी या मुलुखाची ठेवण आहे. पूर्वेस तानसा अभयारण्य व १८९२ साली पूर्ण झालेले तानसा धरण, तर पश्चिमेस तुंगारेश्वर अभयारण्य असल्यामुळे या भागातील शेतकऱ्याचा वन्य प्राण्यांशी रोजचा संबंध येतो. राब भाजण्यापासून मळणीचे खळे उचलेपर्यंत साप, उंदीर, घुबड, मुंगूस, कोल्हा, रानडुक्कर यांपैकी कोणी ना कोणी शेतावर असतेच.

असे असूनही या प्राण्यांची खरी ओळख फार थोड्यांना असते. साप दिसला की काठी, घुबड दिसले की दगड, आणि रानातले पिलू दिसले की ते घरी आणून पाळावयाचे, हा बहुतेक गावांतील रिवाज आहे. या अज्ञानाची किंमत शेतकऱ्यालाच मोजावी लागते. ती कधी धान्याच्या रूपाने, कधी कायद्याच्या कचाट्याने, तर कधी घरातील कर्त्या माणसाच्या प्राणाने मोजली जाते. ही ओळख सुरक्षितपणे करून घेण्याचे एक चांगले साधन म्हणजे देशी प्राण्यांची लहान संग्रहालये, सर्पोद्याने व निसर्गकेंद्रे होत. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधू-भगिनींनी त्यांचा उपयोग कसा करून घ्यावा, याचे विवेचन या पाठात केले आहे.

प्राणिसंग्रहालयाचे बदलते स्वरूप

मुंबईच्या भायखळ्यातील बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तीच आजची वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे लोकांच्या तोंडची राणीची बाग. त्या काळी दूरदेशीचे विचित्र प्राणी पिंजऱ्यात ठेवून लोकांचे मनोरंजन करावयाचे, एवढाच प्राणिसंग्रहालयाचा हेतू समजला जाई. प्राणी जितका परका तितकी गर्दी मोठी, हा नियम अजूनही काही अंशी खरा आहे. २०१६ साली राणीच्या बागेत दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील पेंग्विन पक्षी आणण्यात आले. त्यांना पाहावयास रांगा लागल्या. मात्र हे पक्षी मुंबईच्या हवेत जगावेत म्हणून त्यांची हवा व पाणी यंत्रांनी सतत थंड ठेवावे लागते.

पुण्यात याहून निराळी वाट चोखाळली गेली. तेथे १९५३ साली पेशवे पार्क हे लहान प्राणिसंग्रहालय सुरू झाले होते. पुढे १९८६ साली श्री. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने व पुणे महानगरपालिकेच्या आश्रयाने कात्रज येथे सर्पोद्यान उभे राहिले. आपल्याच मुलुखातील साप लोकांना काचेआडून निर्भयपणे पाहावयास मिळावेत आणि त्यांच्याविषयीचे गैरसमज दूर व्हावेत, हा त्यामागील हेतू होता. १९९९ साली त्याच परिसरात राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले, आणि पेशवे पार्कातील प्राण्यांनाही यथावकाश तेथे अधिक मोकळी जागा मिळाली. मद्रासजवळ श्री. रोम्युलस व्हिटेकर यांनी १९६९ साली सुरू केलेले सर्पोद्यान हे या कल्पनेचे आपल्या देशातील आद्य उदाहरण होय.

कायद्यानेही या संस्थांना शिस्त लावली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला. त्यातील पुढील सुधारणेनुसार १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय कोणालाही, मग ती नगरपालिका असो, संस्थान असो वा धनिक गृहस्थ असो, प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही. रानातून प्राणी धरून आणून संग्रह वाढविण्याची जुनी रीत आता बंद झाली आहे. जखमी वा अनाथ झाल्यामुळे ज्यांना पुन्हा रानात सोडणे शक्य नाही असे प्राणी, आणि संग्रहालयातच जन्मलेले प्राणी, यांवरच मुख्यतः भर द्यावयाचा असतो.

देशी प्राण्यांचाच संग्रह का असावा?

लहान संग्रहालयाने आपल्या टापूतील प्राणीच ठेवावेत याला तीन सबळ कारणे आहेत.

पहिले कारण खर्चाचे. ज्या हवेत प्राणी पिढ्यान्‌पिढ्या वाढला, त्या हवेत त्याला जगविण्यास यंत्रे लागत नाहीत. घाटमाथ्यावर जर्सी गाय टिकविण्यास किती सायास पडतात आणि डांगी जनावर भर पावसात कसे उभे राहते, हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. तीच गोष्ट वन्य प्राण्यांची.

दुसरे कारण शिक्षणाचे. पेंग्विन पाहून शेतकऱ्याच्या मुलाचे कुतूहल शमेल, परंतु त्या ज्ञानाचा उपयोग त्याला घराच्या पडवीत होणार नाही. मण्यार आणि कवड्या या दोन सापांतील भेद त्याने एकदा डोळे भरून पाहिला, तर ते ज्ञान एखाद्या रात्री प्राण वाचविण्याच्या कामी येऊ शकेल.

तिसरे कारण बीज राखण्याचे. वाडा कोलम या भाताला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते या टापूतील शेतकऱ्यांनी त्याचे बी पिढ्यान्‌पिढ्या राखले म्हणूनच. एखादी प्राणिजात रानातून झपाट्याने नाहीशी होऊ लागली, तर संग्रहात जपलेली काही जोडपी हीच तिची बीजकणगी ठरते. गिधाडांच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडले. त्याची हकीकत पुढे येईल.

पहिला धडा : साप ओळखणे

आपल्याकडे आढळणाऱ्या सापांपैकी फार थोडे विषारी आहेत. माणसाच्या प्राणावर बेतणारे दंश प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारांचे असतात. सर्पोद्यानास भेट देणाऱ्याने हे चार साप व त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप जोडीजोडीने पाहावेत. त्यायोगे भेद मनात ठसतो.

नाग व धामण : धामण लांब व चपळ असते. ती सहा-सात फुटांपर्यंत सहज वाढते व फणा काढीत नाही. तिच्या ओठांच्या खवल्यांवर काळ्या उभ्या रेघा असतात. तिचे मुख्य अन्न उंदीर हे होय. नाग डिवचला गेला असता पुढचा भाग उभारून फणा काढतो, परंतु पळून जाणारा नाग फणा काढीलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे. धामण गाईचे दूध पिते ही समजूत निराधार आहे. सापाला दूध पचत नाही व दूध ओढून घेण्यासारखी त्याच्या तोंडाची रचनाही नसते.

मण्यार व कवड्या : मण्यार काळीनिळी, चकचकीत असून तिच्या अंगावर पांढरे बारीक पट्टे बहुधा जोडीने असतात. हे पट्टे मानेपासून काही अंतरावर सुरू होतात व शेपटीकडे ठळक होत जातात. तिच्या पाठीच्या कण्यावरील खवल्यांची ओळ इतर खवल्यांहून मोठी व षट्कोनी असते. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढच्या भागात ठळक असतात व शेपटीकडे फिके होतात. दोन्ही साप रात्री हिंडतात व घरात शिरतात, म्हणून येथे चूक होण्याचा संभव सर्वांत अधिक असतो.

घोणस व डुरक्या घोणस : घोणशीच्या अंगावर साखळीच्या कड्यांसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, डोके त्रिकोणी असते व ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. डुरक्या घोणस बिनविषारी असून तिच्या अंगावरील ठिपके वेडेवाकडे व तुटक असतात, शेपूट आखूड असते. भात कापणीच्या वेळी बांधावरील गवतात व पेंढ्याखाली घोणस दडून राहते. ती अंडी न घालता एका वेळी अनेक पिले देते, त्यामुळे लहान पिले दिसली तरी हात लावू नये. त्यांचे विषही तितकेच घातक असते.

फुरसे : हा साप लहान, जेमतेम हातभर असतो. डोक्यावर बाणासारखी खूण असते. डिवचला असता तो अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज काढतो. दगडांखाली व कोरड्या माळरानावर तो आढळतो. आकार लहान म्हणून त्याला कमी लेखणे प्राणघातक ठरते.

या वर्णनांवर विसंबून कोणीही साप हाती धरू नये. ओळख ही दुरून सावध होण्यासाठी आहे. शंका असल्यास प्रत्येक साप विषारी समजून वागणे हेच शहाणपणाचे.

सापांच्या संग्रहातूनच औषध

सर्पदंशावर खात्रीचा इलाज एकच, तो म्हणजे प्रतिसर्पविष लस. ही लस सापाच्या विषापासूनच तयार होते. सापाचे विष अत्यल्प मात्रेत घोड्यांना टोचतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाला मारक द्रव्ये तयार होतात. ती रक्तातून वेगळी करून लस बनवितात. आपल्याकडील लस वर सांगितलेल्या चारही सापांच्या विषावर एकत्रितपणे चालते. मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेने या कामी दीर्घकाळ सेवा केली आहे. विशेष असे की ही संस्था मूळची प्लेगविषयक प्रयोगशाळा होती. १८९६ साली मुंबईत उंदरांवरील पिसवांमुळे प्लेगाचे थैमान माजले, तेव्हा डॉ. हाफकिन यांनी प्लेगाची लस शोधून काढली. उंदीर व साप या दोघांचाही इतिहास अशा रीतीने एकाच संस्थेत एकत्र आला आहे.

लसीसाठी लागणारे विष गोळा करण्यात तामिळनाडूतील इरुळा जमातीचा वाटा मोठा आहे. साप धरण्यात पिढीजात निष्णात असलेल्या या बांधवांनी १९७८ साली सहकारी संस्था स्थापन केली. चामड्यासाठी साप मारण्याचा धंदा कायद्याने बंद झाल्यावर त्यांच्या हातांना नवे काम हवे होते. ते परवान्याने साप धरतात, काही आठवडे मडक्यांत ठेवून त्यांचे विष काढतात व पुन्हा रानात सोडून देतात. ज्याला आपण शत्रू समजून ठेचतो, त्याच्याच विषावर हजारो माणसांचे प्राण अवलंबून आहेत.

दंश झाल्यास काय करावे

२००० ते २०१९ या काळात आपल्या देशात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने मृत्यू पावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य खेड्यांत राहणारे होते. २०२४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कृतियोजना जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरविले आहे. हे उद्दिष्ट दिल्लीत ठरले तरी ते साधावयाचे आहे खाचराच्या बांधावर.

१. रोग्यास धीर द्यावा व निजवावे. चालवू वा धावावयास लावू नये.
२. दंश झालेला हात किंवा पाय लाकडी फळी वा काठी बांधून, मोडलेल्या हाडाला बांधतात तसा स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, कडे, जोडवी काढून टाकावी.
३. दोरी वा कापडाने करकचून आवळू नये. चिरा पाडू नये. तोंडाने विष ओढू नये. बर्फ, पाला, पोटॅश लावू नये.
४. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनाने सरळ शासकीय रुग्णालयात जावे. भगताकडे मंत्र उतरविण्यात एक क्षणही दवडू नये.
५. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. दंशाची वेळ तेवढी नीट सांगावी.

मण्यारीच्या दंशाबाबत विशेष सावधगिरी हवी. ती रात्री अंथरुणात शिरते व तिचा दंश बहुधा दुखत नाही, सुजतही नाही. जमिनीवर निजलेले माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठले, पापण्या मिटू लागल्या, गिळता वा बोलता येईना, तर खूण दिसो वा न दिसो, मण्यारीच्या दंशाचा संशय धरून तत्काळ रुग्णालय गाठावे. शक्य तो खाटेवर निजावे व मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. एवढ्या साध्या उपायाने पुष्कळ मृत्यू टळतील. रात्री बाहेर पडताना विजेरी, शेतात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि कापणीपूर्वी काठीने गवत हालविणे, या सवयी घरोघर रुजल्या पाहिजेत.

दुसरा धडा : घुबड व उंदीर

भाताच्या बांधांत बिळे करणारा उंदीर पोटऱ्यांवर आलेल्या पिकाचे चूड तिरपे कातरून टाकतो. उंदीर रोज आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके खातो. परंतु खाण्यापेक्षा त्याची नासाडीच अधिक असते, व लोंब्या बिळात साठविण्याची सवय निराळी. बांध पोखरल्याने खाचरातील पाणी निघून जाते ते वेगळेच. शिवाय उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग लावणी करणाऱ्या माणसांना होतो. कोकणपट्टीत पावसाळ्यात त्याचे रोगी आढळतात.

गव्हाणी घुबड हा या उंदराचा नैसर्गिक वैरी. त्याचा चेहरा पांढरट, बदामाच्या आकाराचा असतो. पडके वाडे, जुनी देवळे, झाडांच्या ढोल्या व विहिरींचे कोनाडे ही त्याची वस्तीची ठिकाणे. पिलांचे दिवस असले म्हणजे एका रात्रीत एक जोडी अनेक उंदीर आणते. इस्रायलमधील एका शेती वसाहतीने १९८३ पासून शेतात लाकडी खोकी टांगून या घुबडांना वसविले. हा प्रयोग पुढे शेजारच्या जॉर्डन व पॅलेस्टिनी शेतकऱ्यांनीही उचलला. मलेशियात ताडतेलाच्या मळ्यांत व भातखाचरांतही अशीच खोकी लावली जातात. ज्या देशांत परस्परांत सख्य नाही तेथील शेतकरीही घुबडाच्या बाबतीत एकमत होतात, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

घुबड शेतावर काय काम करते याचा पडताळा कोणासही घेता येतो. घुबड आपले भक्ष्य बहुधा सबंध गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांचा गोळा करून ओकून टाकते. घुबड बसते त्या जागेखाली असे करडे गोळे पडलेले आढळतात. हातमोजे घालून व तोंडाला फडके बांधून एक गोळा पाण्यात भिजवावा व काडीने उकलावा. उंदराच्या कवट्या व पुढचे पिवळसर दात स्पष्ट दिसतात. किती कवट्या निघाल्या हे शाळेतील मुलांनी वहीत मांडावे. हा पुरावा डोळ्यांपुढे असला म्हणजे घुबड अपशकुनी आहे हे बोलणे आपोआप बंद पडते. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडे धरून विकणारे लोक असतात. तो गुन्हा असून अशी वार्ता कळताच वनखात्यास कळवावे.

घुबडाला शेतावर बोलाविण्यासाठी बांधावर उंच, आडवी काठी बसविलेले पक्षीथांबे उभारावेत, जुनी ढोलीची झाडे तोडू नयेत. बांध रुंद न ठेवता तासून अरुंद व स्वच्छ ठेवावेत, म्हणजे उंदरास बिळे करण्यास जागा कमी मिळते. बिळाची पारख करण्यात कातकरी बांधवांचा हात धरणारा कोणी नाही. पोटरीपूर्वी त्यांच्या मदतीने बिळे खणून काढण्याची सामुदायिक मोहीम सर्व खाचरांत एकाच वेळी घ्यावी. एकट्याने उंदीर मारल्यास शेजारच्या बांधावरील उंदीर आठवड्यात येतात. विषारी आमिष वापरणे अटळ झाल्यास ते कृषिखात्याच्या सल्ल्याने, बिळाच्या आतच ठेवावे, व मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. रक्त पातळ करणाऱ्या विषाने मेलेला उंदीर खाल्ल्यास घुबडही मरते. मग पुढच्या हंगामात उंदीर राखणारा कोणी उरत नाही.

तिसरा धडा : नोंद खरी असावी

तानसाच्या जंगलाशी निगडित एक हकीकत संग्रहांचे महत्त्व चांगले दाखविते. वनपिंगळा हे लहान घुबड १८७३ साली शास्त्रास ज्ञात झाले. १८८४ नंतर त्याचा नवा नमुना मिळाला नाही, व जगातील निरनिराळ्या संग्रहांत त्याचे अवघे सात नमुने उरले. पुढे मायनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात आणखी एक नमुना दिसला. तो १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी त्यावर होती. शोध घेणारे त्या चिठ्ठीमागे गेले आणि हात हालवीत परतले. कालांतराने असे सिद्ध झाले की तो नमुना दुसऱ्या संग्रहातून चोरलेला जुना नमुना होता व चिठ्ठी खोटी होती.

डॉ. पामेला रासमुसेन यांनी खोटी चिठ्ठी बाजूस सारली व खऱ्या नमुन्यांवरील ठिकाणांचा माग धरला. १९९७ साली शहाद्याजवळच्या रानात त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना वनपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी या पक्ष्याचा पत्ता लागला. आणि २०१४ साली तो तानसा अभयारण्यातही आढळला, म्हणजे अंबाडीच्या शेजारीच.

बियाण्याच्या पिशवीवर खोटी चिठ्ठी असेल तर शेतकऱ्याचा हंगाम बुडतो. प्राण्याच्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी असेल तर एक जात नष्ट होईपर्यंत लोक तिला भलत्याच ठिकाणी शोधीत राहतात. म्हणून गावात कोणता पक्षी, कोणता साप, कोणत्या तारखेस व कोणत्या जागी दिसला याची नोंद करताना न दिसलेले लिहू नये व संशय असल्यास ‘संशयित’ असेच लिहावे.

चौथा धडा : गिधाडांची बीजकणगी

पूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की घटकाभरात गिधाडांचा थवा उतरे. १९९० नंतरच्या काळात हे दृश्य नाहीसे झाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. कारण बरीच वर्षे कळेना. २००४ साली ते उघड झाले. गुरांना वेदना व सूज यांवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई व त्याचे मूत्रपिंड निकामी करी. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली, आणि २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवरही.

दरम्यान १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणा वनखात्याच्या साह्याने पिंजोर येथे गिधाडे राखून त्यांची पैदास सुरू केली. गिधाड वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे हे काम अत्यंत संथ आहे. तरीही तेथे वाढलेली काही गिधाडे २०२४ साली महाराष्ट्रात पेंच व ताडोबा येथे आणण्यात आली. संग्रहात बीज राखले नसते, तर आणावयास काही उरले नसते.

शेतकऱ्याचे कर्तव्य येथे स्पष्ट आहे. गुराला वेदनाशामक औषध पशुवैद्यकांकडूनच घ्यावे व मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांस निर्धोक औषध मागावे. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक गुरांना टोचू नये. ज्या जनावरावर अशा औषधाचा उपचार झाला असेल ते मेल्यास उघड्यावर न टाकता पुरावे.

घरी संग्रह करू नये

संग्रहालय पाहून आल्यावर आपणही काही प्राणी पाळावेत असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु पोपट, कासव, मोर, ससा, घोरपड, मांडूळ यांपैकी कोणताही रानातील प्राणी धरणे, पाळणे वा विकणे हा कायद्याने गुन्हा आहे. मांडुळापासून धन मिळते असे सांगून भोळ्या लोकांना फसविणाऱ्या टोळ्या हिंडत असतात. त्यांच्या नादी लागून कित्येकांनी पैसाही गमावला व तुरुंगही पाहिला.

झाडाखाली पिलू पडलेले दिसल्यास ते अनाथ असेलच असे नाही. आई बहुधा जवळच असते. जुन्नर भागात उसाच्या फडांत बिबट्याची पिले सापडतात, तेव्हा वनखाते ती उचलून न नेता त्याच जागी सुरक्षित ठेवून आईशी भेट घडवून आणण्याचा प्रयत्न करते. जी पिले परत जाऊच शकत नाहीत ती माणिकडोहच्या केंद्रात राहतात. एकदा माणसाळलेला बिबट्या पुन्हा रानात सोडता येत नाही. म्हणून प्राणी जखमी वा अडकलेला आढळल्यास गर्दी हटवावी आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

कार्यकर्त्यांनी सहल कशी न्यावी

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान किंवा भायखळ्याची बाग अंबाडीहून एका दिवसात पाहून परतता येते. कात्रजसाठी मुक्कामाची सोय करावी. सहल भाताची लावणी आटोपल्यावर व कापणीपूर्वी काढावी, कारण कापणीच्या वेळीच शिकलेले उपयोगी पडावयाचे असते. स्त्रियांना अवश्य न्यावे. लावणी, बेणणी व कापणीत त्यांचे हात सर्वांत अधिक वेळ गवतात असतात.

प्रत्येकाने सर्व पिंजरे धावत पाहण्यापेक्षा पाच-सहा प्राणी निवडून प्रत्येकापुढे काही वेळ थांबावे. हा प्राणी आपल्या शिवारात कोठे राहतो, काय खातो, पिकास काय लाभ वा हानी करतो, तो दिसल्यास आपण काय करावे, हे चार प्रश्न स्वतःस विचारावेत. काच ठोकणे, खडे मारणे, खाऊ टाकणे याला सक्त मनाई असावी.

गावात परतल्यावर शाळेत वा ग्रामपंचायतीत एक निसर्गफळा लावावा. त्यावर चार विषारी साप व त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप यांची चित्रे, सर्पदंशाचे नियम, १०८ व १९२६ हे क्रमांक आणि सर्वांत जवळच्या, लस उपलब्ध असलेल्या शासकीय रुग्णालयाचे नाव ठळक अक्षरांत असावे. ओल्या मातीत उमटलेल्या पायांचे ठसे प्लास्टरमध्ये घेऊन मुलांना संग्रह करता येईल. अशा संग्रहास कोणत्याही प्राण्याला कोंडावे लागत नाही.

सारांश

१. देशी प्राण्यांची लहान संग्रहालये ही शेतकऱ्याची प्रयोगशाळा होय.
२. चार विषारी साप दुरून ओळखावेत. कोणताही साप हाताळू वा मारू नये.
३. सर्पदंशावर शासकीय रुग्णालयातील लस हाच इलाज.
४. घुबड, धामण व मुंगूस हे भाताचे राखणदार आहेत.
५. गुरांना दिलेल्या चुकीच्या औषधाने गिधाडे मरतात.
६. वन्य प्राणी घरी पाळू नयेत.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या पाच वर्षांत आपल्या गावात सर्पदंश किती झाले व ते वर्षाच्या कोणत्या महिन्यांत झाले? त्यांपैकी किती रोगी प्रथम भगताकडे नेले गेले?
२. आपल्या गावात गव्हाणी घुबडाची वस्ती कोणत्या जागी आहे? ती जागा टिकविण्यासाठी काय करता येईल?
३. रात्री सर्पदंश झाल्यास रुग्णालयापर्यंत जाण्यास कोणाचे वाहन मिळेल, हे आजच ठरलेले आहे काय? नसल्यास या बैठकीतच ठरवावे.